दमणीचं शिंकं

शिंकं मी लहानपणापासून पाहत आलो आहे. दह्याचं पाहिलं, लोण्याचं पाहिलं, ठाण्याला आमच्या आजोळी लोणच्याच्या बरणीचंही होतं. पण गाडीचं शिंकं मी कल्याणला आबा शिरस्तेदारांच्या छपरीत पाहिलं. सबंध दमणी, चाकांसकट, छतासकट, आतल्या गाद्यांसकट, चार दोरखंडांनी वरच्या तुळयांना टांगलेली होती आणि जमिनीपासून कमरेइतकी उंच तरंगत होती. प्रत्येक दोरात मधोमध नारळाची एक करवंटी उपडी ओवलेली होती. दोरावरून उतरणारा उंदीर करवंटीवर आला की घसरून खाली पडावा, अशी त्यातली योजना. वारा सुटला की दमणी हळूहळू झुलायची आणि आबा हाताची घडी घालून तिच्याकडे बघत राहायचे.

"बंदोबस्त चोख आहे," असं ते दिवसातून चार वेळा म्हणत.

हे पाहून हसणाऱ्यांत खरं तर मी पहिला असायला हवा होतो. पण दोर ओढायला जी आठ माणसं लागली त्यांतला एक मीच होतो. करवंट्यांना भोकं पाडायचं कामही माझ्याकडेच होतं, आणि अंगठ्यावरचा वण अजून आहे. शिवाय हे सगळं ज्याच्यामुळे करावं लागलं तोही मीच.

मी तेव्हा कल्याणच्या मराठी शाळेत मास्तर होतो आणि आबांच्या ओसरीलगतच्या खोलीत राहत होतो. आबा मामलेदार कचेरीतून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झालेले. कचेरी सुटली, पण कचेरीची भाषा काही सुटली नव्हती. भाजी आवडली नाही तर ते माईंना, म्हणजे आपल्या पत्नीला, "आमटीबाबत फेरविचार व्हावा" असं सांगत. माई म्हणत, "उद्या सकाळी या, आज साहेब भेटत नाहीत." उंदराला उंदीर म्हटलेलं मी आबांच्या तोंडून क्वचितच ऐकलं. त्यांच्या लेखी तो 'सदरहू इसम' असे. सकाळी दमणीच्या गादीवर दोन काळ्या लेंड्या दिसल्या की छपरीतून आवाज येई, "मास्तर, सदरहू इसम येऊन गेला!" आणि इसम सापडला तर, "सदरहू इसम मिळून आला!"

दमणी म्हणजे माणसं वाहणारी हलकी, छताची बैलगाडी. आबांनी ती पेन्शन मिळाल्यावर हौसेनं करवून घेतली होती. आत दोघांना पाय पसरून निजता येईल अशी गादी, पाण्याच्या तांब्यासाठी कडं, कपड्यांसाठी कापडी खिसे, आणि बैठकीखाली झाकणाची एक लाकडी पेटी. आबा, माई आणि त्यांची एकुलती एक मुलगी यमू, अशी तिघं हिवाळ्यात तीत बसून अंबरनाथला जात, टिटवाळ्याला जात, आमराईत गाडी सोडून दोन-दोन दिवस मुक्काम करत. लोक आगगाडीचं कौतुक करत, तेव्हा आबा म्हणत, "आगगाडी नेते तिच्या मर्जीनं. ही थांबते माझ्या मर्जीनं."

पुढे यमूचं लग्न झालं. सासर डोंबिवलीचं. आज तिथे स्टेशन झालं आहे, पण त्या दिवसांत आगगाडी डोंबिवलीवरून नुसती धूर सोडत निघून जाई. कल्याणहून जायचं तर शेतांमधून बैलगाडीनं जायचं, आणि पावसाळ्यात तर जायचंच नाही. दिवाळीला यमूला आणायला दमणी जाई, दिवाळी झाली की पोचवायला जाई. वर्षातले बाकीचे दिवस ती छपरीत उभी असे. शेजारी भाताचा पेंढा रचलेला, वर कौलं, आत मऊ गादी. उंदरांना आणखी काय पाहिजे?

तर आता माझा पराक्रम सांगतो.

त्या साली महाशिवरात्रीला आबांच्या मनात आलं की विहीणबाईंना, म्हणजे यमूच्या सासूबाईंना, आपल्या दमणीतून अंबरनाथचं दर्शन घडवावं. ऐन वेळी आबांची कंबर धरली. तेव्हा माहेरचा माणूस म्हणून माझी रवानगी झाली. गाडी हाकायला धोंडू आगरी होता. डोंबिवलीला राधाकाकू, म्हणजे विहीणबाई, आणि यमू गाडीत बसल्या. राधाकाकूंचा कडक उपास होता. मी समोर बसून त्यांना पृथ्वी गोल आहे हे समजावून सांगत होतो. आपण सुशिक्षित आहोत याची मला त्या वयात फार जाणीव होती.

पृथ्वीचा अर्धाअधिक भाग झाला असेल नसेल, गादीच्या उसवलेल्या शिवणीतून एक उंदीर बाहेर आला. तो राधाकाकूंच्या खांद्यावर चढला, तिथून माझ्या मांडीवर आला. मी किंचाळलो. नुसता किंचाळलो असतो तरी भागलं असतं, पण मी चालत्या गाडीतून उडी मारली आणि शेताच्या बांधावरून थेट पाटाच्या चिखलात गेलो. वर पाहिलं तर राधाकाकू गाडीत ताठ बसलेल्या, उंदीर त्यांच्या पदरावरून शांतपणे उतरून जात असलेला, आणि यमूनं तोंडात पदर कोंबलेला.

"धोंडू, काय रे हे?" मी चिखलातून ओरडलो.

"मना काय ठावं, मास्तर?" धोंडू म्हणाला. "माजी नजर बैलाव व्हती. पन उडी बेस मारलीव."

राधाकाकूंनी गाडी मागे फिरवायला लावली. महाशिवरात्रीचं दर्शन हुकलं. दारात उतरताना त्यांनी जो निकाल दिला तो मीच आबांना जाऊन सांगितला. निकाल असा: ज्या गाडीत उंदीर राहतात त्या गाडीत माझी सून बसणार नाही. पावसाळा संपेपर्यंत गाडीत एकही उंदीर शिरला नाही, असं त्या उडी मारणाऱ्या मास्तरनं आमच्या तुळशीवर हात ठेवून सांगावं. मग दिवाळीला पाठवीन. नाही तर नाही.

"दुसऱ्या कुणाची गाडी मागून घेऊ," मी आबांना सुचवलं.

आबांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी दुसरीकडे पाहू लागलो. "माझ्या दारात गाडी असताना माझी पोर मागून आणलेल्या गाडीत बसून माहेरी येणार? मास्तर, हा अर्ज फेटाळण्यात येत आहे."

अशा रीतीनं लढाई सुरू झाली, आणि ज्याला उंदराची सर्वांत जास्त भीती तो इसम आबांचा सेनापती झाला.

प्रथम मांजर आणलं. आबांनी त्याला दमणीत पहाऱ्यावर बसवलं. आठ दिवसांनी त्यानं गादीवर तीन पिल्लं घातली. "पहारेकरी बाळंत झाला," आबा खिन्नपणे म्हणाले, आणि माईंनी मांजराला दूधभात सुरू केला. मग मी माझी विद्या पुढे केली. एका इंग्रजी पुस्तकात मी वाचलं होतं की उंदरांना पुदिन्याचा वास सहन होत नाही. बाजारातून जुड्याच्या जुड्या आणून गादीखाली पसरल्या. उंदरांनी पुदिना खाल्ला नाही हे खरं, पण त्यावर अंथरूण मात्र केलं. माईंनी त्या दिवशी चटणी केली नाही, कारण बाजारात पुदिना उरलाच नव्हता, आणि तो दोषही माझ्या माथी आला.

मग पिंजरा लावला. पिंजऱ्यात उंदीर सापडू लागले, पण आबा त्यांना मारू देईनात. "मृत्युदंडाचा अधिकार आपल्याला नाही," ते म्हणाले. "हद्दपार करा." हद्दपार म्हणजे होडीतून खाडीपलीकडे कोनगावच्या बाजूला नेऊन सोडायचं. हे काम माझं. पिंजरा हातभर लांब धरून, तोंड फिरवून, मी रोज सकाळी शाळेआधी निघे. वाटेत शाळेतली मुलं नमस्कार करत, आणि त्यांच्या तोंडावरचं हसू मला दिसत नसल्याचं सोंग मी करत असे.

हद्दपार झालेलेच परत येतात की नवे येतात, हे ठरवायला आबांनी एका उंदराच्या शेपटीला गेरू लावला. तिसऱ्या दिवशी गेरूची शेपटी पुन्हा पिंजऱ्यात हजर! आबा थक्क झाले. "खाडी पोहून आला, मास्तर! भरतीच्या पाण्यातून! हा कुणी पट्टीचा इसम दिसतो." त्यांनी त्याला गूळ दिला.

खरी गोष्ट अशी की मी होडीपर्यंत कधी गेलोच नव्हतो. पिंजऱ्यात खुडबूड झाली की मला पुढे जाववत नसे. मी तलावामागच्या झुडपांत पिंजरा उघडून घरी येत असे. वर खाडीची हवा कशी होती याचं वर्णनही करत असे.

भाद्रपदात माईंनी युद्ध थांबवलं. "गणपती घरात असताना त्याच्या वाहनाला धरायचं नाही," त्यांनी बजावलं. आबांनी ते मानलं. "या मुदतीत अटक नाही. नुसती तंबी." आणि खरंच ते रोज सकाळी दमणीसमोर उभे राहून, बोट उगारून, कुणी दिसत नसताना तंबी देत.

गणपती गेले आणि आबांना शिंक्याची कल्पना सुचली. दमणी वर गेली, करवंट्या बसल्या, माझा अंगठा फुटला. आबांनी गादीच्या सगळ्या शिवणी स्वतः टाचून घेतल्या. म्हातारा मनुष्य, डोळ्याला दिसत नाही, सुई तीनदा बोटात गेली. संध्याकाळी मला म्हणाले, "मास्तर, यमू आता यायला हरकत नाही ना?" मी म्हटलं, नाही. ते म्हणाले, "मागच्या दिवाळीनंतर तिला पाहिली नाही मी. शिवरात्रीलाही कमरेनं दगा दिला." मग लगेच करवंट्यांची पाहणी करायला उठले.

चार दिवसांनी दमणीत पुन्हा लेंड्या!

आता मात्र माझी झोप उडाली. तुळशीवर हात मला ठेवायचा होता. मी छपरीत जाऊन दोर पाहिले, करवंट्या पाहिल्या, तुळया पाहिल्या. सगळं जागच्या जागी. आणि मग खाली पाहिलं तर दमणीला टेकवलेली एक लहानशी शिडी! दमणी वर गेल्यापासून ती तिथेच होती. आम्ही सगळे, कल्याणातले निम्मे लोक, करवंट्यांचं कौतुक करत त्या शिडीला हात टेकवूनच उभे राहत होतो. उंदीर बापडे पायऱ्या चढून आत जात होते.

मी शिडी उचलून परसात ठेवली. दुसऱ्या दिवशी शिडी पुन्हा दमणीला टेकलेली. पुन्हा परसात ठेवली, पुन्हा परत. आबांना विचारलं तर ते म्हणाले, "चौकशी चालू आहे," आणि घाईनं देवघरात गेले.

खंडेनवमीला शाळेला सुट्टी होती. दुपारी दमणीची पूजा व्हायची होती. चोर पकडायचाच असं ठरवून मी सकाळी पेंढ्यामागे जाऊन बसलो. पेंढ्यात उंदीर असतील या विचारानं दोन्ही पाय पोटाशी घेऊन बसलो होतो. थोड्या वेळानं पावलं वाजली. आबा आले. इकडे तिकडे पाहिलं. कमरेवर हात ठेवून, एकेका पायरीला थांबत, शिडी चढले, आत वाकले, बैठकीखालची पेटी उघडली आणि उपरण्याखालून एक पुरचुंडी काढून आत ठेवू लागले.

मी पेंढ्यामागून उठलो. मला फार आनंद झाला होता. "आबा! सदरहू इसम मिळून आला!"

आबा इतके दचकले की दमणी झुलू लागली. मी धावत जाऊन त्यांना धरलं. पुरचुंडीतून चुरमुऱ्याचे गुळातले लाडू खाली घरंगळले. पेटीत एक जुनं फडकं होतं, त्याला उंदरांनी भोकं पाडलेली होती, आणि त्यात मागच्या लाडवांचा चुरा.

"अहो आबा, तुम्ही लाडू ठेवता? इथे? मग उंदीर येणारच ना!"

"येणारच," आबा म्हणाले. "म्हणून तर बंदोबस्त करतो."

ते शिडीवरच बसले.

"यमू लहान असताना आमचा करार होता," ते म्हणाले. "गाडी वेशीबाहेर पडली की तिनं पेटी उघडायची. आत चुरमुऱ्याचे लाडू असायचे. माईला कळू द्यायचं नाही. लग्नानंतरही तिला आणायला गाडी गेली की मी ठेवतो. सासरी सून मागून खात नाही, मास्तर. समोर आलं ते खाते, नाही आलं तर नाही."

"पण आबा, भर पावसाळ्यात? गाडी जाणारच नव्हती तेव्हा?"

"दर सोमवारी भडभुंज्याकडून ताजे आणतो. बदलून ठेवतो." ते पेटीकडे बघत म्हणाले, "दोनदा पेटी रिकामी ठेवून पाहिली. पण मग असं वाटायला लागलं की ती आता यायचीच नाही. त्यापेक्षा उंदीर परवडले."

मी लाडू गोळा केले, फुंकले आणि पुरचुंडीत बांधून पेटीत ठेवले. माझे डोळे भरून आले होते. पेंढ्याच्या धुळीनं, असं मी आबांना सांगितलं. माईंनी मात्र आदल्याच दिवशी एक नवं फडकं धुऊन छपरीच्या खुंटीला लावून ठेवलेलं होतं. त्यांना सगळं ठाऊक असावं.

दिवाळीच्या आधी वाटा सुकल्या, तशी आठ माणसं बोलावून दमणी खाली उतरवली. निघताना आबांनी नव्या फडक्यात लाडू बांधून पेटीत ठेवले आणि मला फक्त एवढंच म्हणाले, "जे खरं असेल ते सांगा." हे मला फारच जड गेलं. तरी रस्ताभर मी खोटंच पाठ करत गेलो.

डोंबिवलीला अंगणात राधाकाकू तुळशीजवळ उभ्या होत्या. यमू दाराआड होती. तिची फक्त पावलं दिसत होती.

"ठेवा हात, मास्तर," राधाकाकू म्हणाल्या. "शिरला का उंदीर?"

मी हात ठेवला. पाठ केलेलं वाक्य 'एकही नाही' असं होतं. तोंडातून आलं, "शिरले, काकू. पुष्कळ शिरले." आणि एकदा सुरू झालो तो थांबलोच नाही. मांजर सांगितलं, पुदिना सांगितला, हद्दपारी सांगितली. मी होडीपर्यंत गेलो नव्हतो हेही सांगितलं, जे कुणी विचारलं नव्हतं. शिंकं सांगितलं, शिडी सांगितली आणि शेवटी पेटीतले लाडू सांगितले. "उंदरांना आबाच बोलावतात, काकू. त्यांना पेटी रिकामी ठेवता येत नाही."

राधाकाकू दाराकडे वळून म्हणाल्या, "सूनबाई, तुला चुरमुऱ्याचे लाडू आवडतात?"

दाराआडची पावलं हलली नाहीत.

"तीन वर्षांत कधी बोलली नाहीस गं," राधाकाकू म्हणाल्या. त्यांचा आवाज खाली आला होता. "जा, गाठोडं बांध." मग माझ्याकडे पाहून नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "आणि मास्तर, वाटेत उंदीर निघाला तर आधी तिला उतरू द्या. मग तुम्ही उडी मारा."

परत येताना मी धोंडूशेजारी पुढे बसलो. डोंबिवलीची वेस मागे पडली आणि पाठीमागे झाकण कुरकुरलं. पाठोपाठ कुरूम कुरूम असा आवाज येऊ लागला. मी दोन्ही पाय वर घेतले आणि धोंडूचा दंड धरला.

"सोरा, मास्तर," धोंडू हसत म्हणाला. "ह्यो उंदीर न्हाय."

कल्याणला पोचलो तेव्हा आबा दाराशी उभेच होते. माईंनी यमूवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला, तिला जवळ घेतलं, दोघी रडल्या. आबा यमूकडे नीट बघेनात. "प्रवास कसा झाला" असं काहीतरी बैलांना विचारल्यासारखं विचारलं आणि सरळ दमणीकडे गेले. बैठकीखाली वाकून त्यांनी पेटी उघडली.

पेटीत लाडू नव्हते. चुराही नव्हता. नवं फडकं तेवढं होतं, चारपदरी घडी घालून, कोपऱ्याला कोपरा जुळवून ठेवलेलं.

आबांनी त्या घडीवरून हात फिरवला.

"मास्तर," ते म्हणाले.

"जी आबा."

"सदरहू इसम..." त्यांनी घसा खाकरला आणि पुन्हा सुरुवात केली. "सदरहू इसम मिळून आला."

फडकं त्यांनी घडी न मोडता अंगातल्या बंडीच्या आत ठेवलं आणि बैलांना पाणी दाखवायचं आहे म्हणून विहिरीकडे निघून गेले. पाणी धोंडूनं मघाशीच दाखवलं होतं, पण तसं आम्ही कुणी बोललो नाही.